श्रावणातली वाइन

माझ्या अंगाला काही वर्षं अननसाचा वास येत असे. कधी केवड्याचा, कधी गुलाबाचा, पण मुख्यतः अननसाचा, कारण बिस्किटवाल्यांना तोच सगळ्यात जास्त लागायचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत इसेन्सचा एक छोटा कारखाना होता आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक बेसिन आणि एक पंखा. तो पंखा साहेबांच्या हुकुमावरून बंदच असायचा, कारण वारा आला की वास उडतो. दिवसभर कागदाच्या पट्ट्या बाटलीत बुडवून नाकाशी धरायच्या आणि कालच्या अननसात नि आजच्या अननसात फरक पडलाय का ते सांगायचं, हे माझं काम. संध्याकाळी बसमध्ये शेजारची बाई माझ्या पिशवीत डोकावून बघायची आणि आत फळ नाही म्हटल्यावर मीच तिला फसवल्यासारखं तोंड फिरवायची.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही कांदिवलीला राहायचो. घरात सासूबाई, नवरा, मी आणि आमची तीन वर्षांची मुलगी. मुलीला सासूबाई सांभाळायच्या, सकाळचा स्वयंपाकही त्याच करायच्या, आणि दोन्हीबद्दल त्यांची तक्रार नव्हती असं मुळीच नाही. त्यांचे गुडघे दुखायचे. रत्नागिरीला बहिणीकडे महिनाभर जाऊन राहायचं त्यांच्या मनात होतं, ते माझ्या नोकरीपायी राहून गेलं होतं. मला नोकरीत दोन वर्षं झाली तरी मी टेंपररीच होते. त्या वर्षी आषाढात त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"गणपतीपर्यंत कायम करतायत का बघ. नाही केलं तर दे सोडून. तुझ्या टेंपररी नोकरीसाठी मी कायमची अडकून नाही पडणार."

बोलणं रोखठोक होतं आणि बरोबरही होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मला ती नोकरी हवी होती. अननसासकट हवी होती. रोज आठ तास कुणीतरी मला "बाई, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत होतं आणि मी सांगेन ते वहीत लिहून घेत होतं. घरी मला एवढंच विचारायचे की दूध तापवलं का.

त्याच सुमारास आमच्या साहेबांच्या एका मित्राने वाइन काढली. हा मित्र नाशिककडचा द्राक्षबागायतदार. एका वर्षी माल जास्त आला, भाव पडला, तेव्हा चिडून त्याने रीतसर परवाना काढला आणि द्राक्षं आंबवायला घातली. आता ती वाइन विमानतळाजवळच्या एका बड्या हॉटेलच्या गळ्यात मारायची होती. हॉटेलवाल्यांसमोर सहा नमुने ठेवायचे, आणि आपल्या बाजूने कुणीतरी जाणकाराने ते पारखून दाखवायचे, असं ठरलं. साहेबांनी मित्राला छातीठोकपणे सांगितलं, "माझ्याकडे नाक आहे." ते नाक म्हणजे मी.

"हे नीट झालं तर तुमची फाइल मी वर पाठवतो," साहेब मला म्हणाले. आमच्या कारखान्यात साहेबांच्या वर कुणीच नव्हतं, पण फाइल नेहमी वरच जायची.

मी तोपर्यंत वाइन पाहिलेलीसुद्धा नव्हती. माझ्या माहेरी दारूला दारू म्हणायची चोरी होती, वडील नुसतं "ते" म्हणायचे. बागायतदाराने एक विलायती पुस्तिका पाठवली होती. ती वाचून मी जास्तच गोंधळले. वाइनला म्हणे चामड्याचा वास येतो, तंबाखूचा येतो, ओल्या दगडाचा येतो, आणि मी कधी न पाहिलेल्या पाच-सहा प्रकारच्या बोरांचा येतो. हे सगळे वास आले तर माल चांगला की टाकून द्यायचा, हे मात्र पुस्तिकेत कुठे लिहिलं नव्हतं.

मला वाचवलं पॅकिंगच्या आंटींनी. त्या गोराईच्या. रोज होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायच्या आणि तिथून पुढे मरोळला, आणि तरी माझ्याआधी हजर असायच्या. नाताळसाठी त्या दर वर्षी घरी चिनी मातीच्या बरणीत काळ्या द्राक्षांची वाइन घालायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या घरची एक बाटली घेऊन प्रयोगशाळेत आल्या, त्यांनी दार लावलं आणि दोन बीकर विसळून घेतले.

"फिरव जरा. आता नाक घाल आत. घाबरू नको गं, चावत नाही. आता घोट घे. गिळू नको. चूळ भरतेस तशी तोंडभर फिरव."

"आणि मग?"

"मग थुंक."

"एवढी चांगली तुमची वाइन थुंकून टाकू?"

"तू कामाला बसलीयस बाय, पार्टीला नाही."

मी घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि थुंकायच्या ऐवजी चक्क गिळला, कारण मोठ्या माणसासमोर थुंकायचं नाही हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. मग म्हटलं, "आंटी, हे तर द्राक्षासव."

खरंच तसंच लागत होतं. अशक्तपणावर वैद्य देतात ते द्राक्षासव आमच्या कपाटात कायम असायचं. सासूबाई रोज संध्याकाळी त्याचे दोन चमचे घ्यायच्या आणि त्यानंतर त्यांचा स्वभाव जरा मवाळ व्हायचा.

"मग तुझी सासू तुझ्यापेक्षा शिकलेली," आंटी म्हणाल्या.

आमचे धडे तीन आठवडे चालले. बागायतदाराकडून छोट्या छोट्या बाटल्या यायच्या. विलायती पुस्तिका मी खणात टाकली आणि माझी स्वतःची वही केली. पिकून काळं पडलेलं करवंद. जांभूळ खाल्ल्यावर ओढते तशी जीभ. भिजलेलं गोणपाट. बंबाच्या धुराचा वास लागलेला टॉवेल. कोरी वही. एका बाटलीपुढे मी "लग्नाचा हॉल, दुसरा दिवस" असं लिहिलं होतं. आंटींनी ते वाचून बाटली हुंगली आणि म्हणाल्या, "बरोबर." थुंकायलाही मी शिकले, पण पाठ फिरवून आणि तोंडापुढे पदर धरून. माझ्या थुंकण्यातही मर्यादा आहे, असं आंटी सगळ्या पॅकिंगला सांगत सुटल्या.

मला खरंच गोडी लागली. पिण्याची नव्हे, ओळखण्याची. एकाच घोटात आधी एक चव येते, मग दुसरी, आणि गिळलं नाही तरी तिसरी मागे राहते, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी घरी आमटीसुद्धा तोंडात फिरवून खायला लागले. नवऱ्याने विचारलं, दात दुखतोय का.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण हॉटेलवाल्यांनी आषाढातली तारीख पुढे ढकलली ती नेमकी श्रावणात. आमच्या घरात श्रावण म्हणजे कांदा-लसूणसुद्धा बंद. मी वाइन शिकतेय हे सासूबाईंना ठाऊक होतं. लपवणं शक्यच नव्हतं, अननसाचा वास येईनासा झाला त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दारात विचारलं होतं. नोकरीचं काम आहे म्हणून आषाढात त्या गप्प बसल्या. श्रावण लागला त्या दिवशी मात्र त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"महिनाभर त्याचा थेंब जिभेला लागता कामा नये."

नवरा माझ्या बाजूने उभा राहिला. हे फारसं घडत नसे, म्हणून मी तो संवाद जपून ठेवला आहे.

"आई, ती पीत नाही. थुंकते."

"तोंडात तर घेते ना."

"उपासाच्या दिवशी तू चूळ भरतेस. तेव्हा पाणी तोंडात जातंच. मग तुझा उपास मोडतो?"

"ते पाणी. हे पाणी आहे का?"

"आणि तुझं द्राक्षासव?"

"ते औषध," सासूबाई म्हणाल्या, "आणि औषधाला श्रावण नसतो." यावर नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वकील हरला हे मला कळलं. सासूबाईंनी मला देवासमोर उभं करून मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, आणि मी शपथ घेतली.

मग मी रडकुंडीला येऊन विचारलं, "पण न चाखता मी सांगू कसं?"

"मी नैवेद्याचा स्वयंपाक कसा करते?" त्या म्हणाल्या. "देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही. तीस वर्षं करतेय. वासावरून कळतं मला, मीठ लागलंय की नाही."

ही गोष्ट आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. गौरींच्या जेवणाला तीस-पस्तीस पानं व्हायची, सोळा भाज्यांपासून आमटीपर्यंत सगळं सासूबाईंच्या हातचं, आणि एकदाही मीठ इकडचं तिकडे नाही. मी केमिस्ट्री शिकलेली. मिठाला वास नसतो, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण ती आमटी मी स्वतः चार गौरींना भुरकून खाल्ली होती. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, आमटी समोर होती. मी ठरवलं की सासूबाईंना जर मिठाचा वास येतो, तर वाइनचा वास ओळखायला मला जीभ कशाला हवी?

पुढे दहा दिवस मी नुसत्या नाकाने सराव केला. आंटींना हे पसंत नव्हतं. "नाक अर्धंच सांगतं," त्या म्हणाल्या. मी त्यांना नैवेद्याचं सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझी सासू मोठी हुशार बाई आहे." मला ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये पांढरी चादर अंथरून सहा पेले मांडले. हॉटेलचे खरेदी अधिकारी आले होते, टाय लावलेले, हळू आणि अदबीने बोलणारे. बागायतदार धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात बसला होता. मी एकेक पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले आणि वहीतली भाषा सोडली. साहेब खूश होऊन मान डोलवत होते. सहाही हुंगून झाल्यावर मी पुन्हा तिसऱ्या पेल्याशी येऊन थांबले. पिकलं जांभूळ होतं त्यात, मागे गुलाब होता, आणि त्याच्याही मागे कोऱ्या वहीचा वास. सहांत हाच उत्तम, असं मी ठासून सांगितलं. आवाजसुद्धा जरा चढवला होता.

अधिकाऱ्यांनी तो पेला उचलला, घोट घेतला आणि तसेच थांबले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"बाई," ते अगदी सौजन्याने म्हणाले, "ही खारट आहे."

साहेबांनी घोट घेतला. बागायतदाराने घेतला. मग बागायतदार खाली बघत म्हणाला, की द्राक्षं आंबताना पिंप फार तापलं, तेव्हा त्याने ते आइस्क्रीमच्या पॉटसारखं बर्फ आणि खड्यांच्या मिठात ठेवलं होतं. झाकणातून थोडंफार आत गेलं असेल.

"तुम्ही चाखली नाहीत?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही."

"का?"

"श्रावण आहे."

अधिकाऱ्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. केबिनमधलाही पंखा बंद होता. हॉटेलवाले सभ्य होते, म्हणून उरलेले पाच नमुने सोमवारी येऊन बघू म्हणाले. ते गेल्यावर साहेबांनी मला एवढंच सांगितलं, की सोमवारी चाखणार असाल तर या, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो, आणि फाइलचंही मग तसंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आले ती चप्पलसुद्धा नीट न काढता स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "सोमवारी मी जात नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडणार नाही. नोकरी सोडते. तुम्ही रत्नागिरीला जाऊन या." शेवटचं वाक्य मी मुद्दाम लागेल असं बोलले, हे कबूल करते.  शनिवारभर सासूबाई गप्प होत्या. माझा तर्क असा, की जिंकलेलं माणूस गप्पच बसतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला मुलीला घेऊन खाली पिटाळलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मी अळू चिरत होते.

"मिठाला वास नसतो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझी समजूत घालतायत. "मला नसेल येत. तुम्हाला येतो."

"कुणालाच येत नाही. मी चाखते."

मी विळीवरून उठले.

"लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना मी आमटीत दोनदा मीठ घातलं," त्या अळवाच्या देठांकडे बघत सांगत होत्या. "गावाला होतो. चाळीस पानं उठली तशीच. माझी सासू एका शब्दाने बोलली नाही, पण वर्षभर मला चुलीपुढे बसू दिलं नाही. भांडी घासायची नि पाणी भरायचं. त्यानंतर मी कधी धोका पत्करला नाही. आमटी उकळली की दार लोटायचं, तळहातावर थेंब घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा. मग चूळ भरून, हात धुऊन देवाला नमस्कार."

"तीस वर्षं?"

"देव काही म्हणाला नाही. माणसं बोलली असती."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी इतका संताप आला की मी विळी पायाने बाजूला सारली. "मग मला का नाही सांगितलंत? मी शुक्रवारी तुमच्या भरवशावर त्या केबिनमध्ये उभी होते."

"तुझा नवरा समोर होता ना," त्या म्हणाल्या. "तो जे म्हणत होता, चाखून थुंकलं तर मोडत नाही, ते मला त्याच्याआधी तीस वर्षं माहीत होतं. पण त्याच्यासमोर कसं कबूल करू?"

मग त्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या, हात जोडले आणि शाळेतल्या मुली म्हणतात तसं, मोठ्याने म्हणाल्या, "शपथ सुटली." परत येऊन अळू पुढे ओढलं आणि उरलेलं त्यांनीच चिरलं.

सोमवारी, म्हणजे खुद्द श्रावणी सोमवारी, मी त्याच चादरीपुढे उभी राहिले. आंटींनी थुंकायला एक नवं एनॅमलचं भांडं आणून ठेवलं होतं. पहिला घोट मी पाठ फिरवून, पदराआडून थुंकले आणि नेम चुकून तो साहेबांच्या डायरीवर पडला. दुसऱ्या घोटापासून मी पदर खोचला आणि पाठ फिरवायचं सोडून दिलं. पहिला पेला बरा होता. दुसरा आंबून पार सिरक्याच्या वाटेला लागला होता. चौथ्यात काही नव्हतं, चांगलं नाही नि वाईट नाही. पाचवा अधिकाऱ्यांना आवडला, त्यांनी तसं म्हटलंही.

मी तो पुन्हा तोंडात घेतला, फिरवला आणि भांड्यात टाकला. "यातही मीठ आहे," मी म्हणाले. "चिमूटभर. आमटीत कुणाला कळणार नाही इतकं, पण आहे."

अधिकाऱ्यांनी पुन्हा चाखला. त्यांना कळलं नाही. साहेबांना कळलं नाही. साहेबांचा चेहरा पडत चालला होता, कारण गिऱ्हाइकाने आवडलं म्हटल्यावर आपल्याच माणसाने खोड काढावी, हे कुठल्या धंद्यात चालतं? मी मात्र मागे हटले नाही. शेवटी कोपऱ्यातून बागायतदार म्हणाला, "बाई बरोबर सांगतायत. ते पिंप त्याच बर्फात शेजारी होतं."

सहावा खरोखर चांगला निघाला. त्या एका पिंपाच्या बाटल्या हॉटेलने घेतल्या, बाकी सगळं बागायतदाराने परत नेलं. जाताना अधिकाऱ्यांनी साहेबांचा हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांनी डायरी पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

गणपतीच्या चार दिवस आधी पत्र आलं. वर गेलेली फाइल खाली आली होती आणि मी कायम झाले होते. नवऱ्याने पेढे आणले. सासूबाईंनी चष्मा लावून पत्र पहिल्यापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं, घडी घातली आणि देवापुढे ठेवलं. त्या पाठमोऱ्या असताना मला एकदम सगळं लख्ख दिसलं. त्या रविवारी त्या नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी पुरे होतं. मी नोकरी सोडली असती, त्या बहिणीकडे गेल्या असत्या, आणि त्यांच्या आमटीचं नावही तसंच राहिलं असतं. मी इतके दिवस त्यांच्यावर धुमसत होते याची मला लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल खूप प्रेम वाटलं. तरी मी विचारलं.

"आई, मी नोकरी सोडावी असं तुम्हाला वाटत होतं ना?"

"वाटत होतंच. अजून वाटतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या खोट्यापायी सुटायला नको होती."

मी डोळे पुसत होते. त्यांनी एक पेढा उचलला, अर्धा मुलीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

"आता तू कायम झालीस," त्या म्हणाल्या, "तर सकाळच्या पोळ्या तू करून जात जा. माझ्या गुडघ्यांनी आजच राजीनामा दिलाय." दुसऱ्या दिवसापासून मी पाच वाजता उठायला लागले, आणि दिवाळीनंतर महिनाभराची रजा काढून त्यांना रत्नागिरीच्या गाडीत बसवून दिलं. कायम माणसाला रजा मिळते.